‘घरी पडला’ असं लिहू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी एका बांधकाम कंपनीत ज्युनियर इंजिनियर आहे. गेल्या आठवड्यात आमच्या साइटवर शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटचा साचा उभारणारा, एक कामगार परांचीवरून खाली पडला. उंची साधारण साडेतीन मीटर. मी पलीकडेच लेव्हल घेत होते. पडताना पाहिलं नाही, आवाज ऐकून धावले. त्याचं मनगट मोडलंय, बरगड्यांना मार आहे, डोक्यालाही लागलंय. ठेकेदारानं त्याला जवळच्या डॉक्टरकडे नेलं, पैसे रोख दिले आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर परांचीची फळी बदललेली आणि कठडाही बांधलेला! प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, “त्यानं बेल्ट लावला नव्हता, चूक त्याचीच. वर कळवलं तर काम बंद पडेल, अपघातविरहित दिवसांचा आकडा शून्यावर येईल, सगळ्यांचा बोनस जाईल. तू एवढंच लिही, की तो घरी जिन्यावरून पडला.” निदान तो कामगार तरी माझ्या बाजूनं असेल असं वाटलं होतं, तर तोच हात जोडतोय : “मॅडम, लिहू नका, माझं काम जाईल.” त्या दिवशीच्या परांचीचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मी काय करू?
– एक इंजिनियर

उत्तर : अहवालाचं नंतर बघू. आधी डॉक्टरांचं.

त्या डॉक्टरांना काय सांगितलं गेलंय, हे आजच्या आज विचारून घ्या. ‘जिन्यावरून पडला’ असं सांगितलं असेल, तर त्यांनी जिन्यावरून पडलेला माणूस तपासलाय. दोन पायऱ्या घसरणं आणि साडेतीन मीटरवरून सरळ खाली येणं यांत मोठा फरक आहे. एवढ्या उंचीवरून माणूस सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. हे कळलं की डॉक्टर मनगटाला प्लॅस्टर घालून थांबत नाहीत. मणका बघतात, पोटात रक्तस्राव नाही ना ते बघतात, डोक्याचं स्कॅन करायचं का याचा विचार करतात. डोक्याच्या आत हळूहळू साचणारं रक्त कधी कधी काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी त्रास देतं. वाढती डोकेदुखी, उलट्या, अवेळी गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हात-पाय जड वाटणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं, हे त्याच्या घरच्यांना सांगून ठेवा. मॅनेजरसाहेबांना ‘घरी पडला’ हे दोन शब्द कागदापुरते वाटतात, पण ते केसपेपरवर जातात आणि तिथून उपचारावर. या एका कामासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघू नका.

आता तुमचा प्रश्न. ‘घरी पडला’ असं लिहायचं नाही. यावर मी फार खल करणार नाही, कारण तुम्हालाही ते ठाऊक आहे. नाहीतर तुम्ही पत्र लिहिलंच नसतं. अवघड आहे ते पुढचं : नाही कसं म्हणायचं, काय लिहायचं, आणि जो माणूस हात जोडतोय त्याचं काय करायचं.

आधी साहेबांचा मुद्दा घेऊ : बेल्ट लावला नव्हता. खरंच नसेल लावला. पण तुम्ही इंजिनियर आहात, जरा गणित करून बघा. नेहमीच्या हार्नेसची, म्हणजे अंगावर पट्ट्यांनी बांधायच्या सुरक्षा-बेल्टची, दोरी साधारण १.८ मीटर लांब असते. पडताना दोरीला जोडलेला, हिसका झेलणारा शॉक अॅब्सॉर्बर उलगडतो, त्यात आणखी मीटरभर जातो. हार्नेसची कडी पाठीवर असते, तिथून पायापर्यंत दीड मीटर धरा. झाले ४.३ मीटर. दोरी कुठे अडकवायची याची सोय कुणी करून दिलेली नसली की माणूस समोर दिसेल त्या पाइपला हूक लावतो. हूक पायाशी लागला असता, तर खाली जागा होती साडेतीन मीटर. म्हणजे बेल्ट लावूनही तो जमिनीवर आदळलाच असता, फक्त जरा कमी वेगानं. कमरेच्या उंचीवरच्या पाइपला लावला असता तर जेमतेम वाचला असता, आणि तेही तो पाइप एवढा हिसका सोसणारा असता तर. मग विचारायचं ते हे : हूक लावायला डोक्याच्या वर पक्की जागा होती का? शटरिंगची प्लेट हातात घेऊन त्याला इकडून तिकडे सरकावं लागत होतं का? दोरी एकच असेल तर प्रत्येक वेळी हूक काढून पुढे लावायचा, म्हणजे मधल्या काळात तो मोकळाच. दोन हूकांची दोरी दिली होती का, किंवा हूक सरकता राहील अशी आडवी लाइफलाइन बांधली होती का? एवढ्या कमी उंचीवर खरं काम कठड्याचंच असतं : साधारण मीटरभर उंचीवर एक आडवा पाइप, मध्ये एक, खाली पायाशी फळी. बेल्ट हा त्यानंतरचा उपाय. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना कामाच्या खाली सुरक्षा जाळं टाकलं होतं, त्यात पडून १९ जण वाचले. त्यांतल्या कुणाची चूक होती आणि कुणाची नव्हती, हे जाळ्यानं आधी तपासलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळी बदलली, कठडा बांधला. चांगलंच झालं, खरंच. त्यावर चिडू नका, दुसरा पडण्यापेक्षा ते बरं. पण चूक फक्त बेल्ट न लावणाऱ्याची होती, तर फळी कशाला बदलली? रातोरात केलेली ती दुरुस्ती हाच कंपनीनं स्वतःच्या हातानं दिलेला अपघाताच्या कारणाचा जबाब आहे. ती कधी झाली, काय बदललं, कुणी सांगितलं, हे तुमच्या नोंदीत असलंच पाहिजे.

‘कामगाराची चूक’ हे इतकं सहज तोंडात येतं, त्यालाही इतिहास आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली मांडलं, की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात. कितीतरी वर्षं हा आकडा सुरक्षेच्या प्रशिक्षणात जसाच्या तसा घोकवला गेला. पण तो निघाला कशातून? विम्याच्या फायलींतून आणि कारखानदारांच्या नोंदींतून. म्हणजे ज्यांच्यावर जबाबदारी येण्याची शक्यता होती, बहुतेकदा त्यांनीच लिहिलेल्या कागदांतून. पुढे या आकड्यावर भरपूर टीका झाली. तुमच्या मॅनेजरना हाइनरिक माहीत असण्याची गरज नाही, पण तुमच्याकडून ते तसाच कागद लिहून घेतायत. असे कागद वर्षभर साठले की वर्षअखेरच्या तक्त्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हाच रकाना सगळ्यात उंच दिसतो. मग सगळ्यांना एक व्याख्यान ऐकवलं जातं, आणि परांच्या आहेत तशाच उभ्या राहतात.

साइटच्या फलकावरच्या अपघातविरहित दिवसांच्या आकड्याबद्दलही बोलायला हवं, कारण बोनस तिथेच अडकलाय. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, ११ जण गेले. त्याच दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आलेले होते. कामाचा दिवस बुडवणाऱ्या अपघाताविना सात वर्षं काढल्याबद्दल तिथल्या लोकांचं कौतुक हाही त्या भेटीचा भाग होता. त्या आकड्यात कुणी लबाडी केली, असं मी म्हणत नाही. सात वर्षं खरीच असतील. पण बोट चिरलं, पाय मुरगळला याची मोजणी विहिरीतल्या दाबाबद्दल काहीच सांगत नव्हती. तुमचा फलक तर त्याहून कच्चा, कारण तुमच्याकडे खऱ्या घटनाही त्यातून वगळल्या जातायत. दिवस मोजून बोनस द्यायचा म्हटलं की माणसं पडायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. प्लॅस्टर घातलेल्या माणसाला ऑफिसात खुर्चीवर बसवून ‘हलकं काम’ दाखवायचं आणि हजेरी लावायची, ही युक्ती कुठल्याही जुन्या टाइमकीपरला विचारा.

आता नाही कसं म्हणायचं. भांडू नका, कायद्याचं पुस्तकही काढू नका. शांतपणे म्हणा : “सर, मी जे पाहिलं ते वेगळं आहे, त्यामुळे यावर माझी सही नको. तुम्हाला तसं लिहायचं असेल तर तुमच्या सहीनं लिहा.” या शेवटच्या वाक्यावर बहुतेक वेळा खोलीत शांतता पसरते. खोटा मजकूर ज्युनियरच्या अक्षरात असेपर्यंतच वरच्यांना तो निरुपद्रवी वाटतो. साहेबांना त्यांच्या फायद्याचंही एक सांगता येईल. विमा असतो तो अपघातासाठीच. खोट्या नोंदीनं विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि उद्या त्या माणसाच्या डोक्याचं दुखणं वाढलं, तर अपघात कंपनीचा राहील, पण लपवाछपवीवर नाव त्यांचं असेल.

मग त्याच दिवशी स्वतःचं निवेदन लिहा. घटनेला आठवडा झालाय, आणखी उशीर नको. मागची तारीख घालू नका; आजची तारीख घाला आणि आज का लिहिताय ते एका वाक्यात सांगा. साधारण असं :

“अमुक तारखेला दुपारी सुमारे सव्वातीन वाजता मी शेजारच्या भागात लेव्हल घेत होते. आवाज ऐकून वळले. शटरिंगचा कामगार परांचीच्या पायथ्याशी उजव्या कुशीवर पडलेला होता. पडताना मी पाहिलं नाही. वरच्या फळीचं एक टोक आधारावरून निसटलेलं होतं. त्या बाजूला कठडा नव्हता. जमिनीपासून फळीची उंची मी टेपनं मोजली : ३.५ मीटर. सोबतचे फोटो मी त्या दिवशी ३ वाजून २५ मिनिटांनी काढले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता फळी बदललेली आणि कठडा बांधलेला दिसला.”

तपशील अर्थात तुमचे घाला. टेप लावली नसेल तर ‘अंदाजे’ लिहा. यात ‘निष्काळजीपणा’ नाही, ‘दुर्दैवानं’ नाही, ‘बहुधा’ नाही. कारणही लिहिलेलं नाही. कारण शोधणं हे चौकशीचं काम, तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं आणि टेपनं मोजलेलं सांगणं. ‘पडताना मी पाहिलं नाही’ हे वाक्य मुद्दाम ठेवा. लोकांना वाटतं त्यानं निवेदन कमजोर होतं. उलट आहे, जिला न पाहिलेलं कबूल करता येतं, तिच्या पाहिलेल्यावर विश्वास बसतो. बेल्ट नव्हता हे तुम्हाला स्वतःला दिसलं असेल तर तेही लिहा. ते लपवलंत तर तुमचं निवेदनही साहेबांच्या कागदाच्याच पंगतीला बसेल.

ते ईमेलनं मॅनेजरना पाठवा आणि सुरक्षा विभागाला प्रत द्या. सुरक्षा विभाग नावापुरता असेल, तर मुख्य कार्यालयात साइट ज्यांच्या अखत्यारीत येते त्यांना. भाषा तक्रारीची नको, कळवण्याची. फोटो मूळ स्वरूपात जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फिरवले की वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. साइटच्या ग्रुपवर टाकू नका, आणि जखमी माणसाचा चेहरा असलेला फोटो तर कुठेच नको.

गंभीर इजा किंवा मृत्यू सरकारी यंत्रणेला कळवण्याचं बंधन जवळपास सगळीकडे कायद्यात आहे आणि त्याला मुदत असते. अमेरिकेत, उदाहरणार्थ, मृत्यू ८ तासांत आणि उपचारासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं तर २४ तासांत कळवावं लागतं. तुमच्या साइटला लागू असलेला नियम काढून वाचा : कामगार किती वेळ कामावर येऊ शकला नाही तर कळवायचं, किती तासांत, कुणी. मुदत उलटून गेली असेल तरी उशिरा कळवणं हे न कळवण्यापेक्षा नेहमीच बरं. अंतर्गत ईमेलनंतरही कंपनी ढिम्म राहिली, तर कारखाना किंवा कामगार निरीक्षकाचं दार उघडं आहे. पण पहिल्याच दिवशी तिथे जाऊ नका. आत कळवल्याचा पुरावा हातात असेल तर तुमचं पाऊल भक्कम पडतं.

आता तो कामगार. पत्रातला मला सगळ्यात जड गेलेला भाग हाच. त्याचं भय खोटं नाही. बहुधा तो ठेकेदाराचा माणूस आहे, आणि अहवाल गेला की उद्यापासून बोलावणं बंद, हे त्यानं इतरांच्या बाबतीत पाहिलेलं असणार. त्याला तत्त्व सांगू नका, मनगटाबद्दल बोला. शटरिंगच्या कामात हातोडा आणि प्लेट दोन्ही मनगटावर. ते वाकडं जुळलं किंवा पकड गेली, तर हे काम त्याच्या हातून कायमचं सुटेल. तेव्हा भरपाई मागायला तो जाईल आणि समोरचा विचारेल : कामावर पडलास याला पुरावा काय? त्याच्या नावानं कागद असेल ‘घरी जिन्यावरून पडला’ असा, आणि खाली तुमची सही. ठेकेदारानं दिलेली रोख रक्कम आजच्या औषधाची आहे. पुढच्या महिन्यांच्या मजुरीचं त्यात काही नाही. हे त्याला एकट्याला सांगू नका, त्याच्या घरचं कुणीतरी सोबत असू द्या.

त्याची संमती मिळेपर्यंत थांबायचं का? माझं मत : नाही. परांचीवर उद्या दुसरा चढणार आहे, आणि एकाच्या भीतीसाठी दुसऱ्याला अंधारात ठेवता येत नाही. पण त्याला न सांगता पाठवू नका. “मी उद्या कळवणार आहे, आणि त्यात तुला कामावरून काढू नये असंही लिहिणार आहे” एवढं आधी त्याच्या कानावर घाला. आणि खरोखरच ईमेलच्या शेवटी एक ओळ टाका : उपचारकाळात त्याची मजुरी चालू राहावी आणि बरा झाल्यावर त्याला परत घ्यावं, ही विनंती. लेखी विनंती असली की त्याला गुपचूप वगळणं थोडं तरी जड जातं. हमी मी देऊ शकत नाही.

माणसं का बोलत नाहीत, हे विमानवाहतुकीनं आपल्या आधी ओळखलं. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग कळवतात ते शिक्षा करणाऱ्या नियामकाकडे नाही, तर नासाकडे. तिथे नाव-गाव काढून टाकलं जातं आणि मागे फक्त घटना उरते. साइटवर एवढा पसारा नको. पण पुढे कधी तुमच्या हातात थोडा अधिकार आला, तर थोडक्यात टळलेल्या घटनांची एक वही ठेवा. नाव न लिहिता : फळी हलली, प्लेट वरून सुटली, क्रेनचा हूक डोक्यावरून गेला. आणि दर आठवड्याला त्यातली निदान एक गोष्ट दुरुस्त करून सगळ्यांना दाखवा. दुरुस्ती दिसली नाही तर वही महिनाभरात कोरी पडते.

राहिला तुमच्या नोकरीचा प्रश्न. त्रास होणारच नाही, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. कदाचित साइट बदलतील, बैठकांना बोलावणार नाहीत, वार्षिक मूल्यमापनात ‘टीमसोबत जुळवून घेत नाही’ असं वाक्य येईल. म्हणून आत्तापासून आपली डायरी लिहा : कुणी, कधी, काय सांगितलं. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, ईमेलच्या प्रती घरी ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर विसंबू नका. घरच्यांना कल्पना द्या. साइटवर एखादा वयानं मोठा फोरमन किंवा सीनियर इंजिनियर असतोच, जो गप्प राहतो पण ज्याला हे पटत नाही. त्याच्याशी एकदा चहाच्या वेळी बोला. तो सही करणार नाही कदाचित, पण चौकशीला कुणी आलंच तर नाकारणारही नाही.

एक शेवटचं. त्या वेळी जे दोन-तीन कामगार वर होते, त्यांचे जबाब कंपनी घेईल तेव्हा शक्य असेल तर तिथे हजर राहा. जबाब त्यांच्या भाषेत त्यांना वाचून दाखवला जातोय का ते बघा. न वाचता अंगठा घेतला, तर तेवढंही त्याच दिवशी वेळेसकट डायरीत टिपून ठेवा.